फाळके आणि केळफा

अंकासाठी लेखासोबत स्वतःचा फोटो पाठवा, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मी सुट्टीसाठी रामाकोन्याला घरी होते. मोबाइल समोर धरून पंधरा-वीस सेल्फी काढले आणि एकेक करून पुसून टाकले. चेहरा माझाच होता, पण मी कोण ते एकातही दिसेना. मध्य प्रदेशातल्या गावची मराठी मुलगी, कॅथलिक घरातली, परीक्षा इंग्रजीत लिहिणारी. हे सगळं एका चेहऱ्यात मावणार कसं? या खटाटोपात मला दादासाहेब फाळके आठवले. त्यांनीही एकदा स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं.

धुंडिराज गोविंद फाळके 30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मले. वडील संस्कृतचे विद्वान, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला आले. (मिशनऱ्यांच्या कॉलेजात संस्कृतचे शास्त्री! हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) मुलगा मात्र जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे हाती लागेल ते शिकत राहिला. गोध्र्याला त्याने फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल दोन्ही नेलं. पुन्हा बडोद्यात दुकान मांडलं, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो म्हणून लोक समोर बसायला घाबरत. आज आपण दिवसाला दहा वेळा स्वतःला टिपतो, त्यामुळे ही भीती हास्यास्पद वाटते. मला ती तितकीशी वाटत नाही. पुसून टाकलेल्या त्या सेल्फींनंतर मलाही थोडं रिकामंच वाटलं होतं.

फाळके हौशी जादूगारही होते. जादूचे प्रयोग करताना ते आपलं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा व्हायचे. मला हे फार आवडतं. आरशात डावं-उजवं उलटतं, निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटतं, आणि या माणसाने नावच उलटं घेतलं! तरी केळफाच्या मागे फाळकेच उभे.

सरकारी पुरातत्त्व खात्यातली नोकरी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली, छापखाना भागीदारांशी न पटल्याने सुटला. चाळिशीत हाताला काम नाही, अशा दिवसांत 1910-11 च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते. आपली माणसं, आपले देव असे कधी दिसणार, हा प्रश्न त्यांना तिथून चिकटला. एरवी मी हा प्रसंग चित्रपटाचा इतिहास म्हणून वाचून सोडून दिला असता. पण आमच्या घरातल्या भिंतीवरचा येशूही गोरा, निळ्या डोळ्यांचाच आहे. त्याच्यासमोर गुडघे टेकताना तो आमच्यासारखा का दिसत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. फाळक्यांना जे वाटलं ते मला त्यांच्या उलट बाजूने कळतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला. कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोड्या थोड्या वेळाने टिपून त्याची वाढ मिनिटाभरात दाखवली. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बायका काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे.

1917 च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म केली. तिचा काही भाग आजही शिल्लक आहे. त्यात फाळके स्वतः आहेत. नटांना काम समजावताहेत, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताहेत. कॅमेऱ्याची मूठ तेव्हा दुसऱ्या कोणीतरी फिरवली असणार. तरीही मी याला सेल्फीच म्हणते, कारण आपण कसे दिसावं हे ठरवणारे तेच होते. छातीवर हात ठेवून उभं राहायचं, मागे पडदा, बाजूला कुंडी, असा त्या काळचा थाटाचा फोटो त्यांना सहज काढता आला असता. त्यांनी काम करणारा माणूस दाखवला.

दोन वर्षांनी ‘कालिया मर्दन’ आला. कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी स्वतःच्याच रूपात दिसते, एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. मुलगी लपवून देव दाखवता आला असता. बापाने दोन्ही दाखवले.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा ‘गंगावतरण’ शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले.

मी शेवटी मोबाइल खिडकीत टेकवला, टायमर लावला आणि टेबलाशी हा लेख लिहायला बसले. मागे भिंतीवरचा येशू अर्धाच आला आहे, चेहरा माझाही पूर्ण दिसत नाही. संपादकांना चालत असेल तर तोच छापावा.