ख्रिस्टी मॅथ्यूसन यांचा हात

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा एक खेळ आहे. तो आपल्याकडील क्रिकेटासारखा आहे, इतकें समजलें म्हणजे पुरे. त्यांत चेंडू फेकणाऱ्या गड्याला पिचर म्हणतात व सर्व संघाची भिस्त त्याच्यावर असते. एका सामन्यांत शंभराहून अधिक वेळां तो सर्व बळ एकवटून चेंडू फेकतो. त्यामुळें त्याच्या खांद्याला असा शीण येतो कीं, आज खेळलेल्या पिचरला उद्यां सहसा उभें करीत नाहींत. हंगामाच्या अखेरच्या मोठ्या सामन्यापूर्वीं आपल्या उत्तम पिचरला विसावा द्यावा कीं त्याच्याकडून आणखी काम घ्यावें, हा व्यवस्थापकापुढें नेहमींचा प्रश्न असतो. ज्यांच्या आयुष्यांत ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसून आल्या, अशा एका ख्रिस्ती गृहस्थाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मॅथ्यूसन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजीं पेनसिल्व्हेनियांतील फॅक्टरीव्हिल नांवाच्या लहान गांवीं झाला. मुलानें उपदेशक व्हावें अशी आईची फार इच्छा होती. बाप्तिस्त लोकांनीं स्थापिलेल्या बकनेल विद्यालयांत ते शिकले, आणि १९०० सालीं न्यूयॉर्क जायंट्स ह्या संघांत गेले. त्या काळीं बेसबॉलचे गडी दारू, जुगार व शिवीगाळ यांबद्दल बदनाम होते. रविवारीं आपण खेळणार नाहीं, असें वचन मॅथ्यूसन यांनीं आईला दिलें होतें.

न्यूयॉर्कांत रविवारच्या खेळाला १९१९ पर्यंत कायद्याचीच बंदी होती. तेव्हां तेथें हें वचन पाळणें जड नव्हतें. खरी कसोटी शिकागो, सेंट लुई व सिनसिनाटी येथें होई. तेथें रविवारीं लोकांची झुंबड उडे, आणि ज्याला पाहावयाला ते येत तो गडी मात्र मैदानावर उतरत नसे. जॉन मॅग्रॉ हे संघाचे व्यवस्थापक मोठे तापट व तोंडाळ होते. परंतु त्यांनींही हें चालूं दिलें. पुढें मॅथ्यूसन स्वतः सिनसिनाटी संघाचे व्यवस्थापक झाले तेव्हां त्यांचा संघ रविवारीं खेळे, व १९१७ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क येथें रविवारीं सामना केल्याबद्दल मॅग्रॉ व ते अशा दोघांनाही पोलिसांनीं पकडलें होतें. न्यायाधीशानें त्यांना सोडून दिलें. चरित्र सांगावयाचें तर हेंही सांगितलेंच पाहिजे.

१९०५ सालीं जायंट्स संघ आपल्या मंडळांत नऊ सामन्यांनीं पुढें राहिला, त्यामुळें हंगामाच्या अखेरीस कोणाच्या जिवाची ओढाताण झाली नाहीं. नंतर दोन्ही मंडळांच्या विजेत्यांची जागतिक मालिका झाली. तींत ९, १२ व १४ ऑक्टोबर अशा सहा दिवसांत मॅथ्यूसन यांनीं तीन पूर्ण सामने फेकले, आणि फिलाडेल्फियाच्या संघाला त्या तिहींत मिळून एकही धाव करूं दिली नाहीं.

१९०८ सालची गोष्ट निराळी. शिकागो, पिट्सबर्ग व न्यूयॉर्क हे तीन संघ शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून धांवत होते. मॅग्रॉ यांना भरंवशाचा असा हात एकच उरला होता, आणि अडचण आली कीं ते त्याच हाताकडे धांव घेत. मॅथ्यूसन यांनीं त्या वर्षीं ५६ सामन्यांत चेंडू फेकला व ३७ सामने जिंकले. (मंडळींतही जो एक काम नीट करितो त्याच्याच गळ्यांत दहा कामें पडतात, हें आमच्या पंचांना ठाऊक आहे.) २३ सप्टेंबरला शिकागोशीं झालेला सामना फ्रेड मर्कल नांवाच्या एकोणीस वर्षांच्या गड्याच्या चुकीमुळें बरोबरीचा ठरविण्यांत आला. अखेरीस दोन्ही संघ तंतोतंत सारखे राहिले, आणि ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळावा लागला.

मॅथ्यूसन ३ तारखेला खेळून हरले होते. मध्यें चार दिवस मिळाले; परंतु सहा महिने नांगराला जुंपलेला बैल चार दिवस गोठ्यांत बांधून ताजा होत नाहीं. शिकागोच्या व्यवस्थापकानें आपला उत्तम पिचर, मॉर्डकाय ब्राउन, आरंभीं राखून ठेविला होता. लहानपणीं शेतावरील यंत्रांत सांपडून ह्या ब्राउनच्या हाताचीं बोटें निकामी झालीं होतीं. पहिल्याच डावांत त्याला आणावें लागलें, आणि त्यानें शेवटपर्यंत किल्ला लढविला. तिसऱ्या डावांत मॅथ्यूसन यांच्या चेंडूंवर शिकागोनें चार धावा केल्या. सामना चार विरुद्ध दोन असा गेला. लोकांनीं सर्व दोष त्या पोर मर्कलला दिला व पुढें अनेक वर्षें त्याला टोमणे मारले. आम्हांस वाटतें, त्या हाताला उन्हाळ्यांतच कांहीं दिवस मोकळे दिले असते, तर त्या पोराची चूक एवढी महाग पडली नसती.

१९१८ मध्यें मॅथ्यूसन युद्धावर गेले. विषारी वायूच्या कवाइतींत त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली, असें सांगतात. त्यांचा भाऊ हेन्री १९१७ सालींच क्षयानें वारला होता. १९२० त त्यांनाही क्षय झाल्याचें ठरलें. त्या वेळीं त्या रोगावर औषध नव्हतें. न्यूयॉर्क संस्थानांतील सॅरानॅक लेक येथें मोकळ्या हवेंत महिनेच्या महिने निश्चल पडून राहणें, हाच उपाय होता. सबंध आयुष्य हाताच्या बळावर गेलें, त्या माणसानें हेंही निमूटपणें केलें, व प्रकृति सुधारली. परंतु १९२३ सालीं बोस्टनच्या संघाचें अध्यक्षपद त्यांनीं पत्करिलें आणि पुन्हा कामाच्या रगाड्यांत सांपडले. रोग उलटला. ७ ऑक्टोबर १९२५ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, सॅरानॅक लेक येथेंच ते प्रभूमध्यें निजले. त्याच दिवशीं पिट्सबर्ग येथें त्या वर्षाची जागतिक मालिका सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशीं दोन्ही संघांचे गडी मैदानावर उतरले, ते दंडाला काळी फीत बांधून.