आर्येच्या चौकटीतले मोरोपंत

वेबसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. जावास्क्रिप्टमध्ये 'क्लास' रचायचा तो तयार फ्रेमवर्कच्या चौकटीत, की साध्या कोडमध्ये? २०१५ मध्ये त्या भाषेतच 'क्लास' लिहिण्याची सोय झाली, तरी वाद संपला नाही. बारामती-इंदापूरकडून पुण्याच्या संगणक कंपन्यांत गेलेल्या तरुणांना मात्र हा पेच परका वाटू नये. कऱ्हाकाठच्या एका कवीने तो आयुष्यभर हाताळला होता.

मोरेश्वर रामाजी पराडकर, म्हणजेच मोरोपंत, यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला. काव्यशास्त्राचे अध्ययन तेथेच पाध्ये गुरूंकडे झाले. पुढे ते बारामतीस आले, पेशव्यांचे आप्त असलेल्या बाबूजी नाईकांच्या पदरी पुराणिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्यांची चौकट होती आर्या. त्यातही बहुधा गीती हा प्रकार. बारा मात्रा, अठरा मात्रा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. हे माप हातात बसल्यावर अख्खे महाभारत त्यांनी त्यात उतरविले. एवढे प्रचंड काम दर ओळीला नवे माप शोधत झाले नसते.

पण चौकटीचा मोहही जडतो. त्यांनी १०८ रामायणे रचली, असे मानले जाते. त्यांतील अनेकांना स्वतंत्र नियम आहे. मंत्ररामायणात रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली आहेत. निरोष्ठ रामायणात तर ओठ मिटून उच्चारायची अक्षरेच वर्ज्य! 'म' गेला की 'राम' हा शब्दही लिहिता येत नाही. रामकथा सांगायची आणि रामाचे नाव घ्यायचे नाही, येथे नियम कथेपेक्षा मोठा झाला, हे मान्य करावे लागते. कृत्रिमतेचा आक्षेप पंतांवर आला तो अशाच रचनांमुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची बाजू हिरिरीने मांडली, तरी तो आक्षेप पुरता पुसला गेला नाही.

आक्षेप घेणारे एक विसरतात. याच पंतांनी सीतागीत, सावित्रीगीत अशी गीते स्त्रियांना गाता यावीत म्हणून साध्या ओवीत लिहिली. तेथे ना शब्दांची कसरत, ना पांडित्य. श्रोता बदलला की चौकट खाली ठेवणे त्यांना जमत होते.

उतारवयातील 'केकावली' मात्र पुन्हा कठीण वृत्तात आहे. पृथ्वी वृत्त, चरणाला सतरा अक्षरे. केका म्हणजे मोराचा टाहो. 'मयूर' ही पंतांची नाममुद्रा. देवाला घातलेली ती आर्त साद ऐकताना अक्षरे मोजण्याचे भान राहत नाही. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेस बारामतीतच पंतांनी देह ठेवला.