लक्ष्मीबाई टिळक : आईपण आणि धर्मांतर

लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राकडे आपले अभ्यासक बहुधा ‘स्मृतिचित्रे’च्या वाटेने जातात. त्यामुळे त्यांची भाषा, त्यांचा विनोद आणि रेव्हरंड टिळकांशी झालेला त्यांचा संसार यांची चर्चा पुष्कळ झाली आहे; मुलगा घडवणारी आई म्हणून त्यांचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. देवदत्तांच्या ख्रिस्ती घडणीचे श्रेय सरसकट टिळकांकडे जाते. ते पूर्णपणे मान्य करता येईल असे वाटत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा बालपणीचा संस्कार. विवाहानंतर टिळकांच्या अस्थिर स्वभावामुळे संसाराची गावे सतत बदलत राहिली. आधीची अपत्ये दगावल्यावर १८९१ साली झालेला देवदत्त म्हणजेच दत्तू हा या मातेचा केवढा आधार असेल, ते वेगळे सांगावयास नको.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी दत्तू जेमतेम चार वर्षांचा होता. मुलगा आईजवळ राहिला तर बापाला मुकणार आणि बापाकडे गेला तर आईच्या धर्माला व आप्तांना मुकणार, असा हा पेच होता. पुढची वर्षे लक्ष्मीबाईंनी मुलाला घेऊन नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काढली. टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. पण त्याबरोबरच हेही ध्यानात घ्यावे लागते की लक्ष्मीबाईंनीही मुलाच्या मनात बापाविषयी विष कालवले नाही. माझ्या मते देवदत्तांच्या चारित्र्याची पायाभरणी या काळात झाली, आणि ती करणारी स्त्री तेव्हा ख्रिस्ती नव्हती.

पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, त्याही आपला आचार सांभाळून. प्रथम त्यांच्या मनातून जातिभेद गेला. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. जातीचा भेद देवाने केलेला नाही, अशी स्वतःच्या मनाशी खातरी झाल्यावर ज्या हातचे पाणी आजवर वर्ज्य होते ते त्या पिऊ लागल्या. धर्मोपदेशाने मूल जे शिकले नसते, ते आईला हळूहळू बदलताना पाहून शिकले असले पाहिजे. १९०० साली माता व पुत्र दोघेही ख्रिस्ती झाले. त्याच सुमारास छप्पनच्या दुष्काळाने पोरकी केलेली मुले घरात आली. अशा घरात एकुलत्या एका मुलाला लाडावण्याची सोय नव्हती. टिळक हाती आलेले देऊन टाकणारे. उद्याच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंची. औदार्य आणि त्याची किंमत, दोन्ही दत्तूला एकाच घरात पाहावयास मिळाली.

या मातृत्वाची खरी कसोटी लागली ती त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, यांच्या बाबतीत. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनानंतर हा तरुण टिळकांच्या घरचा झाला. दत्तूहून तो वर्षाने मोठा. लहरी, हळवा, घडीत रुसणारा. लक्ष्मीबाईंनी त्याला जेवू घातले, त्याचे रुसवे काढले, प्रसंगी खडसावलेही. ठोंबरे अखेरपर्यंत हिंदू राहिले. ख्रिस्ती धर्मप्रसारकाच्या घरी हा मुलगा पुत्रवत् वाढला आणि त्याच्या धर्माला कोणी हात लावला नाही. तत्कालीन मिशनकार्यावर धर्मांतराच्या हेतूचा जो सरसकट आरोप होतो, त्यापुढे हे घर ठेवून पाहावे. तो आरोप सर्वत्र निराधार होता असे मी म्हणत नाही. या घरापुरता मात्र तो टिकत नाही.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी त्याचे ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा ग्रंथ पुरा व्हावयाचा होता. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला. पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्रही त्यांनीच लिहिले.