पियानोवादक साथीदार होतो तेव्हा

संगीतोपचार म्हटले की आपल्याकडे अनेकांना ‘अमुक आजारावर अमुक राग’ अशी यादी आठवते. रुग्णाने ऐकायचे आणि बाकीचे काम सुरांनी करायचे, अशी ती कल्पना. पॉल नॉर्डॉफ या अमेरिकी संगीतकाराच्या पद्धतीत मात्र आधी ऐकायचे असते ते वादकाने. मुलांचे असे ऐकणे चांगल्या वादकालाही शिकावे लागते, हे त्यांनी ओळखले आणि आयुष्याची शेवटची वर्षे ते शिकवण्यात घालवली.

नॉर्डॉफ यांचा जन्म १९०९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. पियानोवादन व संगीतरचनेचे शिक्षण त्यांनी तिथे आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये घेतले. प्रतिष्ठेची गुगेनहाइम पाठ्यवृत्ती त्यांना दोनदा मिळाली. विख्यात नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांना त्यांनी संगीत दिले. १९५०च्या दशकात ते बार्ड कॉलेजात संगीत शिकवत होते. नाव आणि नोकरी, दोन्ही होते.

युरोपच्या एका दौऱ्यात त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या व भावनिकदृष्ट्या अस्वस्थ मुलांवर संगीताचा होणारा परिणाम पाहिला आणि त्यांची वाट बदलली. १९५९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, प्राध्यापकी सोडून ते इंग्लंडमधील सनफिल्ड या मुलांच्या निवासी संस्थेत काम करू लागले. तिथले शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स त्यांचे सहकारी झाले. नॉर्डॉफ पियानोवर बसत. रॉबिन्स मुलाशेजारी राहून त्याला ढोल किंवा झांज वाजवायला मदत करत.

गायकाचा पुढचा सूर हेरून हार्मोनियमवाला साथ करतो, तसे काहीसे इथे घडे. फरक इतकाच, की इथला ‘गायक’ कधी नुसताच येरझारा घाली, कधी ढोल बेताल बडवी, तर कधी किंचाळे. नॉर्डॉफ त्या येरझारांची लय पकडत. एका मुलाच्या आक्रोशाचा सूर पकडून त्यांनी त्याच सुरात वाजवायला सुरुवात केली. हळूहळू त्याचे रडणे पियानोच्या सुरांना उत्तर देऊ लागले. शब्दांनी न पोहोचणाऱ्या मुलाशी संवादाचा धागा जुळला तो असा.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रत्येक सत्राचे ध्वनिमुद्रण होई आणि नंतर ते बारकाईने ऐकले जाई. मुलाने प्रतिसाद कुठे दिला, आपण घाई कुठे केली, हे तपासले जाई. १९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बालमनोविकार विभागात या दोघांनी गंभीर मनोविकाराचे निदान झालेल्या लहान मुलांसोबत काही वर्षे काम केले. आज स्वमग्नता म्हणून ओळखली जाणारी लक्षणे असलेली मुलेही तेव्हा याच गटात मोडत. मुलाचे थेरपिस्टशी नाते किती जुळले, संगीतातून तो किती व्यक्त झाला, हे मोजण्याच्या श्रेणी याच कामातून पुढे आल्या.

पण ही किमया एकट्या नॉर्डॉफ यांच्या बोटांची, असे ठरले असते तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती. १९७४ मध्ये लंडनच्या गोल्डी ली रुग्णालयात प्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थी आधीच तयारीचे संगीतकार होते. तरी नॉर्डॉफ यांनी त्यांना दोन सुरांमधल्या अंतरापासून पुन्हा सुरुवात करायला लावली. कोणते अंतर ताण निर्माण करते, कोणते विसावा देते, हे ऐकायला शिकवले. लिहिलेली स्वरलिपी बाजूला ठेवून त्या क्षणी सुचेल ते वाजवणे आणि मूल थांबले की आपणही थांबणे, हा या कामाचा पाया. मैफलीत टाळ्या मिळवणाऱ्या हातांना हे थांबणे सर्वांत अवघड जाते.

अवघ्या तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, पश्चिम जर्मनीत हेर्डेके येथे नॉर्डॉफ यांचे निधन झाले. अभ्यासक्रम मात्र टिकला. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातही या पद्धतीचे केंद्र उभे राहिले. ब्रिटनमध्ये आज पदव्युत्तर प्रशिक्षण आणि नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवता येत नाही.

या उपचाराचा उपयोग किती, याचे उत्तर संमिश्र आहे. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवरील चाचणीत, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एकूण सुधारणेची शक्यता वाढलेली दिसली, पण सामाजिक संवादात स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणून संगीतोपचार हा इतर उपचारांच्या जोडीने घ्यायचा, त्यांच्याऐवजी नव्हे. मुलासाठी थेरपिस्ट शोधताना त्याने किती मैफली गाजवल्या, हे विचारण्यापेक्षा मुलांसोबत काम करण्याचे शिक्षण त्याने कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली घेतले, हे विचारावे.