रविवार मिळवून देणारे लोखंडे

रविवारी होस्टेलवर दहाच्या आत कुणी उठत नाही. मीसुद्धा नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला हा रविवार कसा मिळाला हे वाचलं आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. हक्काची सुट्टी नाही, पगाराचा नेम नाही. १८८१ च्या कायद्यानेसुद्धा सात वर्षांच्या पोराला नऊ तास राबवता येई! 'दीनबंधू' पत्रातून लोखंडे यावर लिहू लागले.

१८८४ मध्ये त्यांनी कामगारांची सभा भरवली आणि ५,५०० सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या साध्याच होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला मदत. लगेच काही हाती लागलं नाही. १८९० मध्ये पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने मुलांचं किमान वय नऊ आणि कामाचे तास सात झाले.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी झटतानाच लोखंडे गेले.

आपला अर्ज एकदा फाइलीत गेला की आपण गप्प बसतो. लोखंडे सहा वर्षं गप्प बसले नाहीत.