दुसरे रघूजीराजे भोसले : लढाई हरले, पण मागणी सोडली नाही



लढाईच्या गोष्टी आपल्या सर्वांना आवडतात. घोडे दौडले, तोफा उडाल्या, किल्ला पडला की गोष्ट संपली असं आपण समजतो. पण किल्ला पडल्यावर खरी तर दुसरी लढाई सुरू होते. ती बैठकीत बसून, कागदावर लढावी लागते. मुलूख कोणाचा आणि सारा कोणी वसूल करायचा, हे तिथंच ठरतं. आपल्या नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांना अशी लढाई बरीच वर्षं लढावी लागली. त्यांचीच ही गोष्ट.

नागपूरच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी हे त्यांचे आजोबा. चुलते जानोजी यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी पुतण्याला, म्हणजे लहान रघूजींना दत्तक घेतलं. १७७२ साली जानोजी वारले आणि घरातच भांडण पेटलं. रघूजींचे वडील मुधोजी आणि दुसरे चुलते साबाजी एकमेकांवर फौज घेऊन उठले. १७७५ साली नागपूरजवळ पाचगाव इथं लढाई झाली आणि साबाजी मारले गेले. पुढं मुलाच्या नावानं मुधोजींनी कारभार पाहिला. १७८८ साली मुधोजी वारले आणि सगळा भार रघूजींवर आला. सेनासाहेब सुभा हा भोसल्यांचा मानाचा किताब होता.

त्या वेळी हे राज्य केवढं होतं, ते नकाशावर बोट ठेवून पाहा. पश्चिमेला वऱ्हाड, मध्ये नागपूर आणि चांदा, पुढं छत्तीसगड आणि पूर्वेला थेट कटकचा समुद्रकिनारा! ओडिशा पहिल्या रघूजींनी बंगालच्या नवाबाकडून १७५१ साली मिळवला होता.

१७९५ साली मराठ्यांनी खर्ड्याला निजामाचा पराभव केला. त्या मोहिमेत रघूजीराजे आपली फौज घेऊन गेले होते. हरलेल्या निजामाला दौलताबादचा किल्ला, मुलूख आणि पैसा कबूल करावा लागला. म्हणजे जिंकणारा काय काय मागतो, हे राजांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आठच वर्षांनी ते स्वतः हरणाऱ्याच्या जागी बसणार होते, हे मात्र त्यांना कुठं ठाऊक होतं!

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला भोसले आपल्या बाजूला हवे होते. १७९९ मध्ये कंपनीनं कोलब्रुक नावाचा विद्वान वकील नागपूरला पाठवला. तो दोन वर्षं राहिला आणि काही न मिळवता परत गेला. मग १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसईला तह करून इंग्रजांची फौज पदरी घेतली. शिंदे आणि भोसले यांना ते रुचलं नाही. १८०३ मध्ये युद्ध पेटलं.

या युद्धात आपल्या बाजूला अपयशच आलं. २३ सप्टेंबरला असईला हार झाली. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी कटक घेतलं. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगडही पडला. त्याचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, एलिचपूरजवळ (आजचं अचलपूर) देवगाव इथं तह झाला. भोसल्यांचे वकील होते यशवंतराव रामचंद्र. समोर होता सेनापती आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. जवळ फौज उरली नाही, किल्ला गेलेला, अशा वेळी वकिलानं बोलायचं तरी कशाच्या बळावर? कटक, बालासोर आणि समुद्रकिनारा कंपनीला गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. गाविलगड, नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा ४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख एवढंच त्या बाजूला भोसल्यांकडे राहिलं. राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

याच तहात एक साधं दिसणारं कलम होतं. भोसल्यांच्या मांडलिक राजांशी कंपनीनं जे करार केले असतील, ते भोसल्यांनी मान्य करावेत, आणि त्या मांडलिकांची नावं मागाहून कळवण्यात येतील, असं ते कलम. पाहा म्हणजे, यादी न पाहताच सही! पुढं यादी आली तेव्हा तिच्यात संबलपूर आणि पाटणा ही संस्थानं निघाली. (हे पाटणा म्हणजे बिहारमधलं शहर नव्हे, ओडिशातलं संस्थान.) राजे संतापले. हा मुलूख देण्याचं आपण कबूल केलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कंपनीचा गव्हर्नर जनरल होता आर्थरचाच थोरला भाऊ, लॉर्ड वेलस्ली. तो ऐकेना. १८०४ मध्ये नागपूरला कंपनीचा रेसिडेंट म्हणून एल्फिन्स्टन आला. वय अवघं चोवीस! राजांनी यादी अखेर दबावाखाली मानली, पण मागणी सोडली नाही. दरबारात हा विषय पुन्हा पुन्हा निघे. १८०५ मध्ये लॉर्ड वेलस्ली विलायतेला गेला, नंतर बार्लो आला, कंपनीचं धोरण पालटलं. आणि १८०६ मध्ये संबलपूर व पाटणा भोसल्यांना परत देण्याचं ठरलं. जे लढाईत गेलं होतं, त्यातलं थोडं चिकाटीनं परत आलं. पण कंपनीनं ते हक्क म्हणून दिलं नाही, मेहेरबानी म्हणून दिलं. संबलपूरच्या राणीला तर भोसल्यांचा अंमल पुन्हा नकोच होता. तिकडच्या रयतेला काय हवं, ते राजाला आणि कंपनीला, दोघांनाही महत्त्वाचं वाटलं नाही.

आता आपल्या रयतेचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. मुलूख गेला तसं उत्पन्न गेलं. ते भरून काढायला उरलेल्या गावांवर सारा वाढला, नवे कर बसले. शिपायांचा पगार थकला की ते शेतकऱ्यालाच लुटत. वरून पेंढाऱ्यांच्या धाडी! १८११ मध्ये तर पेंढाऱ्यांनी नागपूरच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या. आपल्या भागातल्या गावोगावच्या गढ्या पुष्कळशा त्याच धामधुमीत बांधल्या गेल्या. पेंढारी आले की बायकापोरं, गुरंढोरं घेऊन लोक गढीत शिरत आणि जीव वाचवत. तहाचा कागद दरबारात राहिला, पण त्याची किंमत मोजली बैल हाकणाऱ्यानं. राजांचा हा दोष झाकून ठेवू नये.

एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. कंपनीची तैनाती फौज त्यांनी कधीच स्वीकारली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांच्या आत, मे १८१६ मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा करार केला. पुढच्या वर्षी सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं.

मित्रांनो, राजांच्या या चरित्रातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आपलं म्हणणं खरं असेल तर ते शांतपणे, पुन्हा पुन्हा मांडत राहावं. हरलेल्या माणसालाही बोलायचा हक्क असतो. आणि दुसरी गोष्ट पालकांनीही ध्यानात ठेवावी. कागद सावकाराचा असो, सोसायटीचा असो की सरकारचा असो, पूर्ण वाचल्याशिवाय, सोबतची यादी पाहिल्याशिवाय सही करू नये, अंगठा लावू नये. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारावी. आम्ही वाचायला शिकतो ते त्यासाठीच.