तंजावरचे श्वार्ट्झ गुरुजी

तंजावरच्या भोसले घराण्याच्या इतिहासात एका जर्मन शिक्षकाचे नाव वारंवार येते. ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. ते धर्मोपदेशक म्हणून हिंदुस्थानात आले आणि अखेरपर्यंत धर्मोपदेशकच राहिले. परंतु त्यांच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या येथील वास्तव्याचा फार मोठा भाग मुलांच्या वर्गात गेला. तमिळ त्यांनी मुलांच्या सोबतीने आत्मसात केली. मराठी ते वयाच्या चाळिशीनंतर शिकले, कारण ज्या राजाच्या नगरीत शाळा चालवायची त्याच्याशी त्याच्या घरच्या भाषेत बोलता आले पाहिजे, असे त्यांना वाटत होते.

त्यांचा जन्म प्रशियातील झोनेनबुर्ग या लहानशा गावी ऑक्टोबर १७२६ मध्ये झाला. आई ते लहान असतानाच वारली. मरताना तिने मुलाला देवाच्या सेवेसाठी वाहिले होते, ही गोष्ट त्यांना वडिलांकडून पुढे कळली. गावातील शाळा, मग क्युस्ट्रिन येथील शाळा, आणि १७४६ मध्ये हाले येथील विद्यापीठ, असे त्यांचे शिक्षण झाले.

हाले येथे त्यांनी जे पाहिले ते जन्मभर पुरले. ऑगस्ट हेरमान फ्रांके या धर्मोपदेशकाने तेथे १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी एक शाळा काढली होती. श्वार्ट्झ तेथे पोहोचले तोवर त्या शाळेभोवती अनाथालय, छापखाना, औषधालय आणि ग्रंथालय उभे राहून एक लहानसे नगरच वसले होते. विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यांना तेथे जेवण मिळे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी खालच्या वर्गांना शिकवायचे असे. शंखशिंपले, खनिजे, दूरदेशीच्या वस्तू यांचा एक मोठा संग्रह होता; तो दाखवून मुलांना सृष्टीची ओळख करून दिली जाई. धर्माचा पाठ प्रश्नोत्तरांच्या रूपाने चाले: गुरुजींनी विचारायचे, मुलाने आपल्या समजुतीप्रमाणे सांगायचे, आणि त्या सांगण्यातूनच पुढचा प्रश्न निघायचा. याच ठिकाणी मद्रासहून परतलेले बेंजामिन शुल्ट्झ तमिळ बायबल छापण्याच्या खटपटीत होते. त्यांना मदत करता यावी म्हणून श्वार्ट्झ तमिळ शिकू लागले. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे त्यांना धर्मदीक्षा मिळाली आणि जुलै १७५० मध्ये ते डॅनिश लोकांच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात उतरले.

तरंगमबाडीला ख्रिस्ती शाळा नवी नव्हती. झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे पहिले मिशनरी १७०६ मध्ये आले आणि लवकरच त्यांनी मुलांची व मुलींची शाळा सुरू केली. तेथील वर्ग म्हणजे दोन परंपरांचा मिलाफ होता. तमिळ गावात ओसरीवर भरणाऱ्या शाळेत मूल वाळूवर बोटाने अक्षरे गिरवी, हात बसला की ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लिही, आणि सारा वर्ग एका सुरात मोठ्याने म्हणे. आपल्याकडील पंतोजींची धूळपाटी आणि परवचा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. मिशनच्या शाळेने ती वाळू आणि ते ताडपत्र तसेच ठेवले. त्यात हालेची प्रश्नोत्तरे, छापील पुस्तक आणि तमिळमध्ये उतरवलेली जर्मन भजने यांची भर घातली. या वाळूचे महत्त्व पुढे युरोपलाही कळले. १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झालेले अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुले वाळूवर लिहिताना पाहिली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची जी पद्धत त्यांनी पुढे इंग्लंडात नेली तिची सुरुवात तेथून झाली.

१७५१ च्या आरंभी श्वार्ट्झ यांनी अशाच एका वर्गात रोज एक तास शिकवायला घेतला आणि मुद्दाम सर्वांत लहान मुले निवडली. त्यांची स्वतःची तमिळ तेव्हा अडखळणारी होती. बोबडे बोलणाऱ्या पोरांबरोबर आपणही बोबडे बोलायला शिकलो, अशी त्यांनी पुढे कबुली दिली आहे. विद्वान माणसाला आपले अज्ञान लपवण्याची पुष्कळ साधने असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे मात्र एकही चालत नाही. चुकलेला उच्चार मुले हसून दुरुस्त करतात आणि लगेच विसरूनही जातात. पुढे त्यांनी पाच वर्षे तमिळ ग्रंथ आणि पुराणकथा वाचण्यात घालवली, ती समोरचा माणूस काय मानतो हे कळावे म्हणून. पण बोलण्याचा पाया घातला तो त्या बालवर्गाने.

१७६२ पासून त्यांचा मुक्काम तिरुचिरापल्लीस हलला. तेथे इंग्रजांची छावणी होती. दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट होऊन अनेक सैनिक दगावले आणि त्यांची मुले उघड्यावर पडली. त्यांच्यासाठी श्वार्ट्झ यांनी शाळा काढली. एका जुन्या देशी इमारतीतील एका खोलीत ते राहत. खाट आणि माणूस मावेल एवढीच ती खोली. भात आणि भाजी हे जेवण, काळ्या रंगात बुडवलेले सुती कापड हा पोशाख. छावणीचे धर्मगुरू म्हणून वर्षाला १०० पौंड वेतन सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्षाची रक्कम त्यांनी मिशनचे घर आणि शाळा बांधण्यात घातली. लग्न त्यांनी केले नाही. मिशनरी सहकारी कोहलहोफ यांचा मुलगा योहान कास्पर त्यांच्याच देखरेखीखाली वाढला आणि पुढे त्यांच्या कामाचा वारस झाला.

तंजावरचे तुळजाजी राजे यांची आणि त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. राजाला हा निर्लोभी माणूस आवडला. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले, १७७६ मध्ये ते राजाला परत मिळाले, आणि १७७८ मध्ये श्वार्ट्झ तेथे कायमचे राहायला आले. पुढच्या वर्षी मद्रास सरकारने त्यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करण्यास पाठवले. हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेले ३०० रुपये त्यांनी परत येऊन सरकारजमा केले. सरकारने ते त्यांनीच ठेवावेत असा आग्रह धरला, तेव्हा त्या पैशातून तंजावरच्या गरीब मुलांच्या इंग्रजी शाळेचा निधी सुरू झाला. त्यानंतर हैदरचेच सैन्य कर्नाटकात उतरले आणि तंजावर मुलूख उपाशी मरू लागला. किल्ल्यातील शिबंदीला धान्य हवे होते. परंतु पूर्वीचे पैसे बुडाल्यामुळे कोणी शेतकरी बैल द्यायला तयार नव्हता. पैसे मिळतील अशी हमी श्वार्ट्झ यांनी दिली, आणि थोड्याच दिवसांत हजार बैल जमा झाले. राजाच्या किंवा कंपनीच्या शब्दावर जे मिळाले नाही ते एका शाळामास्तराच्या शब्दावर मिळाले. त्यांनीही सर्वांचे पैसे चुकते केले.

हाच शब्द पुढे शाळांच्या कामी आला. १७८४-८५ च्या सुमारास तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्याबरोबर त्यांनी तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे देशी मुलांसाठी इंग्रजी शाळा उभारल्या. दुभाष्यांच्या हातून होणारी लबाडी थांबावी हा सलिव्हन यांचा व्यावहारिक हेतू होता. कंपनीने १७८७ मध्ये प्रत्येक शाळेला दरसाल २५० होनांचे अनुदान मंजूर केले. मुले बहुतेक ब्राह्मणांची आणि व्यापाऱ्यांची. आपला मुलगा पाद्र्याच्या शाळेत घालताना आईबापांच्या मनात कोणती धाकधूक असेल हे सांगायला नको. फसवून कोणाही मुलाला ख्रिस्ती करणार नाही, असे श्वार्ट्झ यांनी स्पष्ट केले होते. मुलांनी ख्रिस्ती व्हावे ही त्यांची इच्छा मात्र कधी लपून नव्हती. इच्छा बाळगायची, ती बोलून दाखवायची, आणि तरी विद्यार्थ्याच्या असहाय वयाचा फायदा घ्यायचा नाही, ही कसरत सोपी नसते. आईबाप मुले पाठवीत राहिले, यावरून ती त्यांना बऱ्याच अंशी साधली असे म्हणता येईल.

जे साधले नाही तेही सांगितले पाहिजे. त्यांच्या देवळात वेल्लाळ आणि परैयर मंडळी वेगवेगळ्या बाजूंना बसत आणि ही रीत त्यांनी मोडली नाही. हळूहळू ती आपोआप सुटेल अशी त्यांची समजूत होती. ती सुटली नाही. दुसरीकडे, क्लोरिंडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठी ब्राह्मण विधवेला त्यांनी १७७८ मध्ये दीक्षा दिली. तिने पाळैयंकोट्टै येथे १७८५ मध्ये देऊळ बांधले आणि तेथे मुलांना शिकवण्याची व्यवस्थाही केली. त्याच तिरुनेलवेली भागातून त्यांनी वेदनायकम नावाचा एक बारा वर्षांचा मुलगा तंजावरला आणला. तो पुढे मिशनच्या शाळेचा प्रमुख आणि तमिळमधील थोर ख्रिस्ती कवी झाला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड विद्यार्थी मात्र राजवाड्यात होता. तुळजाजींना पुत्र उरला नव्हता. १७८७ मध्ये त्यांनी भोसले कुळातील नऊ वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि मृत्यूपूर्वी मुलाचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्झ यांना केली. श्वार्ट्झ यांनी ती नाकारली. परक्या पाद्र्याच्या हाती राजपुत्र राहिला तर कलह माजेल, त्यापेक्षा राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी त्याचे पालक व्हावे, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला शहाणपणाचा दिसत होता. परिणाम असा झाला की अमरसिंहच गादीवर बसले, दत्तक अशास्त्रीय ठरवण्यात आले, आणि मुलाला कोंडून ठेवण्यात आले. खोलीत धड उजेड नव्हता. लिहिणे-वाचणे शिकवायला कोणी नव्हते. तोवर शेकडो पोरक्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या माणसाच्या सल्ल्यामुळे एक मूल अंधारात बसले होते.

ही चूक निस्तरण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. त्यांनी मद्रास सरकारकडे तक्रारी केल्या, मुलाला प्रत्यक्ष जाऊन पाहिले, त्याच्या शिक्षणाचा हट्ट धरला. अखेर जानेवारी १७९३ मध्ये पंधरा वर्षांच्या सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी त्यांना शिकवले. इंग्रजी, गणित, भूगोल, सृष्टिविज्ञान: जे एरवी सातव्या-आठव्या वर्षी सुरू व्हायचे ते पंधराव्या वर्षी सुरू झाले, आणि भुकेल्याने अन्नावर तुटून पडावे तसा तो मुलगा शिकला. श्वार्ट्झ पत्रे लिहून त्याच्या दिनक्रमाची, अभ्यासाची आणि वागणुकीची चौकशी करीत. त्याच वेळी दत्तकाचा प्रश्न त्यांनी पुन्हा उघडायला लावला. दत्तक वैध असल्याचे पंडितांचे मत मिळाले आणि कंपनीने सरफोजींचा हक्क मान्य केला.

राज्यारोहण जून १७९८ मध्ये झाले. ते पाहायला श्वार्ट्झ नव्हते. पायाच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले आणि १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरला वारले. वय एकाहत्तर होते. आजारात सरफोजी भेटीला आले होते. अंत्ययात्रेपूर्वी त्यांनी येऊन मुखदर्शन घेतले, ते रडले आणि थडग्यापर्यंत चालत गेले. वाटेने भजने म्हणायची असे ठरले होते. परंतु गोरगरिबांच्या आक्रोशामुळे कोणालाच गाता आले नाही. थडग्याच्या शिळेवरील इंग्रजी कविता सरफोजींनी स्वतः रचली. शिवाय इंग्लंडातील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते शिवगंगा बागेजवळच्या देवळात आहे. मृत्युशय्येवरील गुरूंचा हात राजाने हाती घेतला आहे, मागे गेरिके आहेत, आणि पलंगापाशी शाळेतील तीन मुले उभी आहेत.

राज्यकारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती किल्ला, ग्रंथालय आणि शाळा एवढेच उरले, आणि त्यांचे त्यांनी सोने केले. ओरत्तनाडूजवळच्या मुक्तांबाळ छत्रात त्यांनी अनेक भाषांच्या मोफत शाळा चालवल्या. वाड्यातील देवनागरी छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाले. तेव्हा मुंबईत मराठी शालेय पुस्तकांच्या छपाईला सुरुवातही व्हायची होती. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी संगीत नाटकात त्यांनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला.

श्वार्ट्झ यांच्या एका इच्छेला मात्र त्यांनी कधी होकार दिला नाही. ते जन्मभर शिवभक्त राहिले आणि काशीयात्राही करून आले. कण्णंदगुडी गावी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय त्यांनी केली होती. तिचा खर्च राजवाड्यातून जात असे.